दोन काटे आणि एक टक्

गेल्या मंगळवारपासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. बँकेत जेवणाच्या सुट्टीत सांगितली, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला तिच्या हातात दुधाची पिशवी असतानाच सांगितली, पुण्याला भाचीला मुद्दाम फोन करून सांगितली. दर वेळी काहीतरी राहून जातं आणि रात्री आठवतं. म्हणून आता बसून लिहूनच काढते. गोष्ट अशी, की गाडीच्या एसीत एक द्रव असतो आणि तो तीन अंशाला उकळतो. तीन अंश सेल्सिअस! आपल्या तोंडावर येणारी ती गार झुळूक एका उकळत्या भांड्याला शिवून आलेली असते. माझी सेहेचाळीस वर्षं झाली, त्यातली निम्मी एसीच्या ऑफिसात गेली, आणि हे मला सांगितलं सांवेरच्या एका मिस्त्रीने, एका जुन्या लाल गाडीच्या बॉनेटखाली, दोन काटे दाखवून.

गाडी काकांची. सांवेर म्हणजे आमच्या इंदूरहून उज्जैनच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटर. काका निवृत्त होऊन तिथल्या शेतावर राहतात. सिंगापूरची नोकरी संपवून परत येताना त्यांनी ही गाडी आणली. १९९७ सालची, दोनच माणसांची, कापडी छताची, बटण दाबलं की झोपलेले दिवे डोळे उघडून वर येतात अशी. घरातल्या मुलांना त्या दिव्यांचं इतकं वेड होतं की काका संध्याकाळी मुद्दाम दोनदा उघडझाप करून दाखवायचे. आता काका ७६ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी उन्हात छत उघडून फिरायला मनाई केली आहे, आणि छत लावून मे महिन्यात त्या गाडीत बसायचं म्हणजे तव्यावर झाकण घालून बसायचं. इंजिन पायांच्या अगदी पुढ्यात, समोरची काच आडवी पसरलेली, वर कापड. एसी चालला तर गाडी चालणार, नाहीतर गाडी शेडमध्ये. हिशेब इतका सरळ होता.

आणि एसी मोठा विचित्र वागत होता. सकाळी चालू केला की छान गार. पंधरा-वीस मिनिटं गार. मग हळूहळू कोमट, मग चक्क गरम. गाडी बंद करून झाडाखाली दहा मिनिटं उभी केली की पुन्हा छान गार! इंदूरला गेल्या तीन उन्हाळ्यांत तीन ठिकाणी दाखवली. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर, ‘गॅस कमी आहे’, आणि तिन्ही ठिकाणी गॅस भरून दिला. आठवडाभर बरं वाटायचं, मग पहिले पाढे पंचावन्न.

या वेळी काकांच्या शेजाऱ्यांनी सांवेरमधलंच एक नाव सांगितलं. उज्जैन रोडवर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड. तिथले उस्ताद तरुणपणी बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम शिकलेले, आता बसगाड्यांचे आणि पिकअपचे एसी बघतात. आम्ही सकाळी दहाला पोचलो. मी सवयीने म्हटलं, ‘उस्ताद, गॅस भरायचाय.’ ते हात पुसत म्हणाले, ‘दीदी, पहले देखेंगे. भरना तो सबको आता है.’

माझा सगळा लेख या वाक्यातून निघाला आहे.

त्यांनी पेटीतून एक जोडयंत्र काढलं. पितळेचा एक दांडा, त्यावर दोन गोल घड्याळं, एक निळं, एक लाल, खाली तीन रंगांच्या नळ्या. निळी नळी एसीच्या थंड बाजूला, लाल गरम बाजूला, मधली पिवळी गॅस भरण्या-काढण्यासाठी. गाडीवरच्या दोन तोंडांचे आकारच वेगवेगळे, त्यामुळे निळी चुकून लाल जागी बसत नाही. इंजिन अजून बंदच होतं. नळ्या बसवल्याबरोबर दोन्ही काटे उठले आणि एकाच आकड्यावर थांबले, एकशे पंधराच्या आसपास. दाब मोजायचं माप पाउंडात, टायरच्या हवेसारखंच.

‘हा आकडा लक्षात ठेवा,’ उस्ताद म्हणाले, ‘आणि आता आतलं रिंगण बघा.’ घड्याळाच्या आत आणखी एक बारीक आकड्यांचं वर्तुळ होतं. काटा तिथे ३५ वर होता. मग त्यांनी भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला. पस्तीस!

मला आधी वाटलं योगायोग. पण ते समजावू लागले आणि माझ्या अंगावर काटाच आला. बंद नळीत हा द्रव थोडासा जरी शिल्लक असेल, तरी आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. पाव किलो असो, पाऊण किलो असो, पस्तीस अंशाला दाब तोच. घरच्या गॅस सिलिंडरसारखं आहे हे. सिलिंडर संपत आला तरी शेगडीची ज्योत शेवटपर्यंत नीट असते आणि मग एकदम जाते. म्हणजे गाडी बंद असताना काट्याकडे बघून ‘गॅस बरोबर आहे’ किंवा ‘कमी आहे’ म्हणताच येत नाही. काटा त्या वेळी दाबाच्या वेषातला थर्मामीटर असतो. तीन उन्हाळे आम्ही जो आकडा गॅसचा समजत होतो, तो त्या-त्या दुपारच्या उन्हाचा होता!

मग त्यांनी इंजिन चालू केलं, एसीचं बटण दाबलं, आणि इंजिनाच्या पोटातून आवाज आला: टक्. हा टक् मी आयुष्यात हजार वेळा ऐकला असेल. कधी विचारच केला नव्हता की तो काय म्हणतो आहे. टक् झाल्याबरोबर दोन काटे एकमेकांपासून दूर निघाले. निळा खाली, लाल वर. जणू एकाच फांदीवरचे दोन पक्षी उडाले. मी तिथेच उभी राहिले, काकांनी खुर्ची दिली तरी बसले नाही.

उस्तादांनी तेव्हा जे सांगितलं ते मी स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते, कारण मला ते तिथेच उमगलं. कुकरची शिट्टी बसवली की आत दाब वाढतो, आणि पाणी शंभराऐवजी एकशे वीस अंशाला उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते. म्हणजे दाब वाढवला की उकळायचं तापमान वर जातं, कमी केला की खाली येतं. एसी म्हणजे हा नियम दोन्ही टोकांनी वापरणं. आतला द्रव, ज्याला ही मंडळी ‘वन थर्टी फोर’ म्हणतात, पूर्ण नाव आर-१३४ए, उघड्यावर ठेवला तर उणे २६ अंशालाच उकळून जाईल. त्याला कूलिंग कॉईलमध्ये साधारण तीस पाउंड दाबात ठेवलं की तो दोन-तीन अंशाला उकळतो. तीस पाउंड! आपण पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरतो तेवढा! आणि उकळायला तर उष्णता लागतेच. ती तो कुठून घेणार? कॉईलवरून जाणाऱ्या हवेतून. गाडीतली हवा त्याचं जळण होते. तिची उष्णता गेली की ती गार होऊन आपल्याकडे परत येते.

मग ही उष्णता पोटात घेतलेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो, सव्वादोनशे-अडीचशे पाउंडांपर्यंत. आता तिचं उकळायचं तापमान साठ अंशांवर गेलेलं असतं. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असलं तरी साठच्या मानाने ते गारच! म्हणून ती वाफ गाडीच्या तोंडापाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये येऊन सांवेरच्या त्या भट्टीसारख्या वाऱ्यातसुद्धा थंड होते, पुन्हा पाणी-पाणी होते, आणि आतून आणलेली सगळी उष्णता रस्त्यावर टाकून देते. पुढे एका बारीक छिद्रातून, एक्सपान्शन वॉल्व्हमधून, ती पुन्हा कमी दाबात शिरते आणि पुन्हा उकळते. गोल गोल, दिवसभर. माठाच्या अंगावरून पाणी उडून जातं आणि आतलं गार होतं, तेच हे. फक्त माठातलं उडालेलं पाणी परत येत नाही. इथे ते पकडून, दाबून, परत द्रव करून पुन्हा उडवतात.

‘हात लावून बघा,’ उस्ताद म्हणाले. त्यांनी आधी पट्टा आणि पंखा कुठे फिरतो ते दाखवलं, ओढणी खोचून घ्यायला लावली, मगच पुढे येऊ दिलं. एक अंगठ्याएवढी जाड नळी होती, तिच्यावर दव पडल्यासारखे थेंब. तिला हात लावला तर माठाचा गारवा. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीजवळ मी हात नुसता नेला आणि मागे घेतला, इतकी ती तापली होती. वीतभर अंतरावर उन्हाळा आणि हिवाळा, आणि मधे तो कॉम्प्रेसर. मी काकांना हाक मारली. काका आले, त्यांनीही एका नळीला हात लावला, दुसरीजवळ नेला, आणि काही बोललेच नाहीत. नुसते गारवाल्या नळीवर हात ठेवून उभे राहिले.

पण काटे तक्रार करत होते. निळा पंचेचाळीसवर, लाल तीनशे तीसवर. दोन्ही जास्त. काटे एकेकटे वाचायचे नसतात, जोडीने वाचायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही खाली असते तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली असता तर कॉम्प्रेसर थकलेला, नीट दाबत नाही. निळा अगदी खाली जाऊन बसला तर वाटेत कुठेतरी तुंबलंय. आणि दोन्ही वर म्हणजे एकतर गॅस जास्त, नाहीतर कंडेन्सरला हवा मिळत नाही. डॉक्टर नाडी बघतात तसं! फक्त इथे नाड्या दोन.

आमच्या गाडीत दोन्ही होतं. त्यांनी पुढची जाळी काढली आणि कंडेन्सर दिसला. दिसला म्हणजे काय, दिसलाच नाही. त्याच्या बारीक पात्यांमध्ये गव्हाचा भुसा गच्च बसला होता. काकांच्या शेतात दर एप्रिलला मळणी होते आणि गाडीची शेड वाऱ्याच्या बाजूला आहे. स्पोर्ट्स कारचं तोंड आधीच केवढंसं, त्यातून घुसणारी हवा आधी कंडेन्सरला, मग रेडिएटरला. वेगात असताना वारा आपोआप मिळतो, पण उभी राहिली की सगळी मदार एका पंख्यावर. तो पंखा बिचारा भुशातून श्वास ओढत होता. उस्तादांनी मागच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारलं, जोरात मारलं तर पाती वाकतात म्हणाले, आणि सोनेरी भुसा जमिनीवर उतरू लागला. वाकलेली पाती त्यांनी एका चपट्या कंगव्याने एक-एक सरळ केली. तासभर चाललं होतं ते काम. आईने लहानपणी माझे गुंते सोडवले असतील तेवढ्याच सबुरीने.

मग गॅस काढला. हवेत सोडला नाही, यंत्राने ओढून रिकाम्या सिलिंडरमध्ये घेतला. आर-१३४ए ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, आधीच्या आर-१२ ची ती खोड होती आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभरातून हटवला गेला. पण उष्णता धरून ठेवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जड आहे, शंभर वर्षांच्या हिशेबाने. सांवेरच्या पत्र्याच्या शेडमधला माणूस हे ओळखून तो सांभाळून काढतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. सिलिंडर त्यांनी किराणा दुकानात असतो तसल्या काट्यावर ठेवला होता. निघाला ७८० ग्रॅम. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं होतं ५५०. तीन उन्हाळे, तीन दुकानं, आणि गॅस कमी कधी झालाच नव्हता! प्रत्येकाने आधीच भरलेल्या घागरीत आणखी एक तांब्या ओतला होता.

नळ्या रिकाम्या झाल्यावर त्यांनी व्हॅक्यूम पंप लावला आणि निळा काटा शून्याच्याही खाली गेला, तीस इंचांच्या जवळ. पाऊण तास पंप चालू. ‘आत दमटपणा राहिला असेल तर उकळून निघून जाईल,’ म्हणाले. पाणी? उकळून? कशावर? तर निर्वातात पाणी साध्या हवेच्या तापमानाला उकळतं. तोच कुकरचा नियम, उलट्या टोकाने! तोपर्यंत मी त्या नियमाची अशी चाहती झाले होते की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तो पाऊण तास काका बोलत होते, आणि विषय अर्थातच होळकरांचा निघाला, कारण इंदूरच्या मराठी माणसाकडे जुन्या गाड्यांचा विषय निघाला की यशवंतराव होळकर दुसरे येणारच. १९०८ साली जन्मलेले हे महाराज गाड्यांचे दर्दी. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेहून ड्यूसेनबर्ग एसजेची चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर दोन माणसांची बॉडी बांधून घेतली. आठ सिलिंडरचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन, ३२० अश्वशक्ती. आणि त्याच सुमारास, १९३० ते १९३३ मध्ये, जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसने त्यांच्यासाठी माणिकबाग राजवाडा बांधला, ज्यात त्या काळातच वातानुकूलन होतं. त्या वास्तूत पुढे सरकारी महसूल खात्याचं कार्यालय आलं. मी कितीदा तिच्यावरून गेले आहे. पण विचार करा, घरात गारवा होता आणि त्या दिमाखदार गाडीत नव्हता! कारण गाडीत एसी पहिल्यांदा आला तो पॅकार्डने, १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोत दाखवला तेव्हा. त्यातली यंत्रणा डिकीतली जागा खायची आणि तिला क्लच, म्हणजे कॉम्प्रेसर पट्ट्याच्या पुलीला जोडायचा-सोडायचा भाग, नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढा! इंदूरच्या महाराजांच्या नशिबी जे सुख नव्हतं ते या लाल गाडीत एका बटणावर होतं, आणि सगळी करामत होती त्या टक्‌ची. मला हे तेव्हा अजून माहीत नव्हतं की आमचा रोगही त्या टक्‌मध्येच दडला आहे.

गॅस तोलून भरला, बरोबर ५५०. काटे आता सुरेख बसले. निळा ३२, आतल्या रिंगणावर ३ अंश. लाल २३५ च्या आसपास. डॅशबोर्डच्या जाळीतून येणारी हवा दातांना लागावी अशी. मी म्हटलं, झालं! उस्ताद म्हणाले, ‘अभी नहीं.’ कारण आमची मूळ तक्रार ‘वीस मिनिटांनी गरम’ ही होती, आणि ती अजून भेटायची होती.

त्यांनी मला तीन शक्यता सांगितल्या. हा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. पहिली, कूलिंग कॉईलवर बर्फ धरत असेल. मग हवेचा झोत कमी होत जातो, पंखा फिरतो पण वारा येत नाही. दुसरी, आत ओल उरली असेल आणि ती एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठत असेल. मग झोत भरपूर, पण गारवा नाही, आणि निळा काटा खाली खाली, शून्याच्याही खाली सरकतो. तिसरी, कॉम्प्रेसर मधेच सुटत असेल. मग दोन्ही काटे एकमेकांकडे येतात. तिन्हींमध्ये गाडीत बसलेल्या माणसाला कळतं ते एकच, की आता गरम होतंय, आणि तिन्ही रोग थोडी विश्रांती दिली की तात्पुरते बरे होतात. बर्फ वितळतो, छिद्र मोकळं होतं, तापलेलं निवतं. पण काट्यांची चाल तिन्हींत वेगळी! आपण फक्त बघत बसायचं. हात न लावता, काही न बदलता.

मी बघत बसले. काका गाडीत बसून जाळीसमोर हात धरून होते आणि दर दोन मिनिटांनी ‘गार आहे’ अशी वर्दी देत होते. दुपारचा एक वाजला होता, रस्त्यावरून लसणाच्या पोत्यांचे पिकअप जात होते, आणि मी दोन काट्यांवरून नजर हलवत नव्हते. दहा मिनिटं. पंधरा. अठराव्या मिनिटाला इंजिनाच्या आवाजात किंचित फरक पडला, ओझं उतरवल्यासारखा. आणि निळा काटा वर निघाला. लाल खाली निघाला. सावकाश, एकमेकांकडे, भेटायला.

‘तिसरी! तिसरी शक्यता!’ मी ओरडलेच.

‘गरम झालं गं,’ काका आतून म्हणाले.

उस्तादांनी वाकून बघितलं. कॉम्प्रेसरची पुली फिरत होती, पण पुढची तबकडी स्थिर. त्यांनी क्लचच्या वायरला मीटर लावला: बारा व्होल्टच्या वर, वीज येत होती. रिले ठीक, फ्यूज ठीक, प्रेशर स्विच ठीक, एका मोजणीत तिघेही सुटले. मग मला दोन पावलं मागे सरकवून त्यांनी लाकडी मुठीचा एक लांब दांडा घेतला आणि त्या थांबलेल्या तबकडीला पुढून हलकेच टेकवला.

टक्.

तबकडी फिरू लागली. काटे उडाले, निळा खाली, लाल वर. काका आतून म्हणाले, ‘गार आलं!’

कारण असं होतं. पुली सदा फिरते. तिच्या मागे तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे चुंबक. बटण दाबलं की चुंबक पुढची तबकडी ओढून पुलीला चिकटवतो, तोच टक्, आणि कॉम्प्रेसर फिरतो. तबकडी आणि पुलीमध्ये सुटलेलं असताना जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट असावी लागते. पण वर्षानुवर्षं चिकटून-सुटून दोन्ही तोंडं झिजतात आणि फट वाढते. उस्तादांनी पानांच्या गेजने मोजली, ०.९ मिलिमीटर. थंड असताना चुंबक एवढी फटसुद्धा ओढून घ्यायचा. पण तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. बॉनेटखाली वेटोळं सत्तर-ऐंशी अंशांनी तापलं की प्रवाह पाव हिश्शाने उतरतो आणि चुंबकाचा हात अपुरा पडतो. एसी मधेच काही क्षण आपोआप थांबला की तबकडी सुटायची आणि पुन्हा ओढली जायची नाही. दहा मिनिटं सावलीत वेटोळं निवलं की हात पुन्हा लांब! आणि जादा भरलेल्या गॅसने कॉम्प्रेसरवरचं ओझं वाढवून या दमलेल्या चुंबकाचं काम आणखी अवघड केलं होतं.

उपाय? गाडी खड्ड्यावर घेतली. तबकडी मधल्या एका नटावर, ती काढली. तिच्या मागून उस्तादांनी दोन चकत्या काढल्या, पत्र्याच्या, कागदासारख्या पातळ, मधे भोक. अंतर राखायला कारखान्यातच घातलेल्या. त्यातली एक त्यांनी परत बसवली आणि एक माझ्या तळहातावर ठेवली. फट आता ०.५. मी ती चकती बोटांनी चाचपली. नखाएवढी, वजन जाणवतसुद्धा नव्हतं. हिच्यासाठी तीन उन्हाळे! मला खरंच तिथे बसून रडू येईल असं वाटलं, आनंदाने.

चाचणीसाठी उस्तादांनी जागा सुचवली ती ऐका. सांवेरचं उलट्या हनुमानाचं मंदिर सगळीकडे प्रसिद्ध आहे. अहिरावणाच्या तावडीतून राम-लक्ष्मणांना सोडवायला पाताळात निघालेला मारुती, म्हणून मूर्तीचं मस्तक खाली. आणि दिवस होता मंगळवार. ‘वहाँ भीड़ में खड़ी रखो,’ ते म्हणाले, ‘वही असली टेस्ट है.’ उभी गाडी, वारा नाही, वर ऊन, आजूबाजूला तापलेली इंजिनं. काकांनी स्वतः गाडी चालवली. मंदिराकडच्या गर्दीत आम्ही अडकलो ते अडकलोच, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रहदारीत अडकल्यावर देवाचे आभार मानले. उस्तादांनी दिलेला थर्मामीटर जाळीत खोचला होता. बाहेर एक्केचाळीस. आत बारा. पंधरा मिनिटं झाली, बारा. वीस झाली, साडेबारा. पंचवीसाव्या मिनिटाला टक् करून तबकडी सुटली, काकांनी माझ्याकडे बघितलं, मी श्वास धरला, आणि आणखी एक टक् झाला. बारा. खिडकीबाहेर एक छोटी मुलगी आजीच्या बोटाला धरून चालली होती, तिने वाकून गाडीखाली बघितलं. तिथे पाण्याचे थेंब पडत होते. ते पाणी गाडीतल्या हवेतलं होतं, उकळत्या कॉईलवर जमलेलं दव. मला उतरून तिला सगळं सांगायचं होतं, पण रांग हलली.

काकांनी गाडी परतवली नाही. तशीच उज्जैनच्या दिशेला काढली, क्षिप्रेच्या पुलापर्यंत. बोलले फक्त एकदाच, ‘दिवे उघडून दाखवू?’ भर दुपारी चार वाजता त्यांनी दिवे उघडले.

त्या रात्री इंदूरला घरी आले तरी डोक्यात काटे फिरत होते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजचा आवाज ऐकला. टक्. गुणगुण सुरू. मी फ्रिज पुढे ओढला आणि मागे हात घातला. मागची काळी जाळी ऊन ऊन लागत होती! तोच कंडेन्सर, तीच गोल फेरी. आतल्या भाजीची उष्णता इथे, भिंतीपाशी, माझ्या हातावर. आवाजाने आई उठून आली. मी म्हटलं, ‘आई, इथे हात लाव. बघ, आत गारवा होतो ना, त्याची उष्णता इथून बाहेर पडते. आज कळलं मला.’

आईने हात लावला नाही. तिने फ्रिजच्या वरच्या बाजूला, अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली वाटी उचलून मला दाखवली. विरजण. थंडीत दही लागत नाही म्हणून ती तिथे ठेवू लागली, ती सवयच पडली.

‘एकोणीसशे ब्याण्णवपासून,’ आई म्हणाली.